स्क्रीनशॉट काढता, पण बघता का?

मंडळी, या शनिवारचा विषय आमच्या धंद्यातला आहे. टेस्टिंगशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्यांनी पहिले चार-पाच परिच्छेद ओलांडून गेलं तरी चालेल. पुढे मराठीचा मामला आहे, तो सगळ्यांचाच.

आधी मत सांगून टाकतो, मग भांडू. ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये आपण जे स्क्रीनशॉट काढतो त्यातले बहुतेक कुणीही बघत नाही, आणि ज्या पानांचे काढून डोळ्यांनी बघायला हवेत त्यांच्याकडे आपण ढुंकून पाहत नाही. वर पुन्हा रिपोर्टमध्ये "स्क्रीनशॉट जोडला आहे" असं लिहून मोकळे होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एखादं संकेतस्थळ नीट चालतंय की नाही हे रोज माणूस बसवून तपासणं परवडत नाही, म्हणून आपण प्रोग्रॅम लिहितो. तो प्रोग्रॅम ब्राउझर उघडतो (जुन्या मराठी संस्थळांवरची मंडळी ह्याला 'न्याहाळक' म्हणायची, मला तो शब्द अजून आवडतो), फॉर्म भरतो, बटणं दाबतो आणि अपेक्षित मजकूर आला का ते बघतो. 'बघतो' म्हणजे काय, तर पानाच्या आतल्या रचनेत ती अक्षरं आहेत का ते तपासतो. त्याला डोळे नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

या कामाचं सगळ्यात गाजलेलं हत्यार म्हणजे सेलेनियम. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्समध्ये काम करणाऱ्या जेसन हगिन्सने ते सुरू केलं. नावाची गंमत अशी की तेव्हा या बाजारात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियमचा, असा तो विनोद! त्या काळातलं सेलेनियम पानाच्या आत जावास्क्रिप्ट घुसवून काम करायचं, त्यामुळे त्याला स्वतःचा फोटो नीट काढताच यायचा नाही. मग अख्ख्या डेस्कटॉपचा फोटो काढायचा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी कुणी बंद केली की रात्रभर चाललेल्या टेस्टचे सगळे फोटो काळेकुट्ट. अमावस्येचे फोटो म्हणायचो आम्ही त्यांना.

पुढे सायमन स्ट्युअर्टचा वेबड्रायव्हर आला, २०११ मध्ये सेलेनियम २ मध्ये तो मिसळला गेला आणि २०१८ साली डब्ल्यूथ्रीसीने वेबड्रायव्हरला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. पानाचा फोटो आणि पानातल्या एकाच घटकाचा फोटो, या दोन्ही आज्ञा त्या मानकातच आहेत. आता तर पपेटिअर, सायप्रस, प्लेराइट अशी मंडळीही आहेत आणि फोटो काढणं म्हणजे एका ओळीचं काम. आमची गोची तिथेच झाली. स्वस्त झालेली वस्तू माणूस जपून वापरत नाही.

सर्व्हिस कंपन्यांत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना 'एव्हिडन्स' हा शब्द सांगायला नको. प्रत्येक पायरीला प्रिंटस्क्रीन, वर्डच्या फाइलमध्ये पेस्ट, खाली "पास". दोनशे टेस्टकेसच्या दोनशे फाइली. क्लायंटला पाठवल्या की काम झालं. ती फाइल तिकडे कुणी उघडत असेल अशी माझी तरी समजूत कधीच नव्हती. ऑटोमेशन आलं तेव्हा वाटलं होतं की हा विधी संपेल. संपला नाही. उलट आता प्रोग्रॅमच प्रत्येक क्लिकला फोटो काढतो. सत्यनारायणाच्या पोथीसारखं, ऐकणारं कुणी असो-नसो, अध्याय पाचही व्हायचे.

माझ्या मते स्क्रीनशॉट म्हणजे पंचनामा. घटना घडली की जागेवर जाऊन करायचा असतो. रोज उठून आपल्याच घराचा पंचनामा कुणी करत नाही. टेस्ट जिथे पडली तिथे, त्याच क्षणी, ब्राउझर बंद व्हायच्या आत फोटो हवा. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण नवशिके हमखास तिथेच अडकतात. जेयुनिट ५ मध्ये 'टेस्ट नापास झाली' हा निरोप टेस्टवॉचरकडे येतो तोवर आवराआवरीचा भाग उरकलेला असतो आणि ब्राउझर बंद झालेला असतो. टेस्टएनजीत नापासाचा निरोप आवराआवरीच्या आधी येतो, म्हणून तिथे हाच कोड बिनबोभाट चालतो. मग "तिथं चालतंय सर, इथं का नाही?" हा प्रश्न येतो. पोलीस यायच्या आत कुणी फरशी पुसून घेतली तर पंचनाम्यात काय येणार?

आणि पंचनाम्याला पंच लागतात. नुसत्या फोटोवर भागत नाही. वेबड्रायव्हरच्या फोटोत पानाचा दिसणारा भाग येतो. वरची पत्त्याची पट्टी येत नाही, घड्याळ येत नाही, जावास्क्रिप्टची अलर्ट खिडकी येत नाही. म्हणजे कुठल्या पानावर, किती वाजता, हे फोटो सांगत नाही. पत्ता, वेळ, पानाचा एचटीएमएल आणि कन्सोलमधल्या चुका हे चौघे शेजारी उभे केले तरच त्या फोटोला अर्थ. आणखी एक: क्रोम पडद्याविना, म्हणजे हेडलेस चालवला (ही सोय २०१७ साली आली) आणि खिडकीचा आकार सांगायचा राहिला, तर तो मूळचा आठशे बाय सहाशे धरायचा. एवढ्याशा खिडकीत मेनू दुमडला जातो, बटण खाली ढकललं जातं, आणि टीम दोन दिवस "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणत बसते. फोटो उघडून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

असो. आता मुद्द्यावर येतो.

मी २०२० पासून सोलापुरातूनच काम करतो (त्याआधी किती वर्षं शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरली ते मोजत नाही). सोलापूरची एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना पटकन कळत नाही. या गावात चार भाषा रोजच्या वापरातल्या आहेत. मराठी आहेच, पूर्व भागात पद्मशाली समाजाची तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला गेलात की कन्नड, आणि उर्दू. म्हणजे चार वेगवेगळ्या लिप्या, त्यातली एक उजवीकडून डावीकडे. इथल्या माणसासाठी एखादी सेवा ऑनलाइन करायची तर ती या चार लिप्यांत 'दिसली' पाहिजे. नुसती 'असून' चालत नाही.

एक प्रकल्प सांगतो. कुणाचा ते सांगत नाही. लोक ऑनलाइन पैसे भरायचे आणि त्यांना मराठीत पावती मिळायची, एवढंच काम. टेस्ट रात्री एका लिनक्स सर्व्हरवर चालायच्या. मी त्या टीममध्ये गेलो त्याच्या आधीची ही गोष्ट. भलत्याच कारणाने पडलेल्या एका टेस्टचा फोटो एका ज्युनिअर मुलीने उघडून पाहिला. घरी कन्नड बोलणारी, मराठी शाळेतली मुलगी. पानावर इंग्रजी आकडे व्यवस्थित आणि मराठीच्या जागी नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. टेस्टच्या दृष्टीने मात्र पानात 'भरलेली रक्कम' ही अक्षरं बरोबर होती, तो मुद्दा पास! तिने बग नोंदवला. वरिष्ठांनी तासाभरात बंद केला. शेरा: एन्व्हायरन्मेंट इश्यू.

वरिष्ठांची बाजूही सांगतो, कारण ती अगदीच चूक नव्हती. बारीक केलेल्या लिनक्स सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्टच नसतो. क्रोमकडे अक्षराचा क्रमांक आहे, पण ते काढायला आकार नाही, म्हणून तो चौकोन काढतो. धंद्यात ह्याला टोफू म्हणतात. गूगलच्या नोटो फॉन्टचं नावच 'नो टोफू'वरून आलंय. वापरणाऱ्याच्या मोबाइलवर फॉन्ट असतातच, मग सर्व्हरवरच्या चौकोनांचं काय एवढं? असा तो युक्तिवाद.

फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही. पावती कोण बनवत होतं? पावतीची पीडीएफ वापरणाऱ्याच्या मोबाइलवर बनत नव्हती. ती सर्व्हरवर बनत होती, तशाच बारीक केलेल्या लिनक्सवर, तशाच हेडलेस क्रोमने. आणि पावतीची टेस्ट काय तपासायची? फाइल उतरली का आणि तिचा आकार शून्याहून मोठा आहे का. दोन्ही हो. हिरवं.

इकडे लोकांच्या हातात काय पडत होतं, तर रक्कम स्पष्ट आणि नावाच्या जागी चौकोनांची माळ. ती पावती घेऊन माणूस खिडकीवर गेला की पलीकडचा विचारणार, "यात नाव कुठाय?" कामावर खाडा करून आलेला माणूस काय उत्तर देईल? पैसे तर खात्यातून गेलेले. काही जणांनी दुसऱ्यांदा पैसे भरले, ते परत देण्यात पुढे कितीतरी वेळ गेला. दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची होती, सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्ट टाकायचा. लोहित टाका, नोटो टाका, काहीही टाका. मी नंतर जुने रिपोर्ट चाळले तेव्हा दिसलं की चौकोनांचे फोटो त्या मुलीच्या बगच्या कितीतरी आधीपासून रोज रात्री निघत होते. तारीख-वेळेसकट, फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलेले.

म्हणून मला "एन्व्हायरन्मेंट इश्यू" या शेऱ्याचा राग आहे. बऱ्याचदा तो खरा असतो, कबूल. पण तो लिहिण्याआधी एवढं तरी विचारा की असंच एन्व्हायरन्मेंट खऱ्या वापरात आणखी कुठे आहे का.

माझ्या एका शाळेतल्या मित्राच्या घरी चादरींचे माग आहेत. जकार्डवर मोर, फुलं सगळं आपोआप विणलं जातं. त्याला हा किस्सा सांगितला तर तो म्हणाला, "मशीन विणतंय बे, पण डाग मशीनला दिसतंय का? आमच्यात माल उजेडात धरून बघायला माणूस ठेवतेत. तुमच्यात ठेवत नाहीत?" काय सांगणार त्याला. ठेवतो रे, पण त्याला दोनशे फाइली भरायला बसवतो.

चौकोन निदान ओरडून सांगतात तरी. आपल्या लिपीचे त्याहून छुपे घोटाळे आहेत. इंग्रजी अक्षरं डोक्यात ठेवून आखलेलं बटण घ्या: उंची ठरलेली, ओळीची जागा आखडती आणि बाहेर जाईल ते कापा अशी सूचना. त्यात 'पुढे' लिहा. वरची मात्रा कापली जाते, खालचा उकार कापला जातो, आणि बटणावर उरतं 'पढ'. 'शुल्क'चं 'शल्क' होतं, 'संमती'चा अनुस्वार उडून 'समती'. टेस्टला विचारा, ती शपथेवर सांगेल की बटणावर 'पुढे' लिहिलंय. कारण आत तेच लिहिलंय! दुसरा घोटाळा अक्षरांमधल्या अंतराचा. शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून डिझायनर लेटर-स्पेसिंग वाढवतो. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत मात्र शिरोरेषाच तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. यातलं काहीही पानाच्या आतली अक्षरं तपासून सापडणार नाही. चित्रच बघावं लागतं.

जुन्या लोकांना यातली उलटी गंमत आठवत असेल. युनिकोड रुळायच्या आधी बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स आपापल्या खास फॉन्टमध्ये असायच्या. पडद्यावर झकास मराठी, आणि तोच मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भाजीपाला. म्हणजे तेव्हा चित्र खरं आणि अक्षरं खोटी होती. मग विंडोज एक्सपीच्या सीडीवरून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा आधार टाकायचा आणि 'मंगल' फॉन्टमध्ये मराठी दिसू लागायची. केवढा आनंद झाला होता. आज अक्षरं खरी झाली आणि चित्राची खात्री उरली नाही. दोन्ही वेळा मराठी वाचणाऱ्या माणसाने पडद्याकडे बघण्याला पर्याय नव्हता.

यावर हुशार मंडळी म्हणतील, पिक्सेलची तुलना करा की! कालचा फोटो आणि आजचा फोटो यंत्रालाच जुळवू द्या. प्लेराइटमध्ये तर ही सोय आयती आहे. मी वापरतो, उपयोगी आहे. पण दोन गोष्टी. एक, फॉन्टची आवृत्ती बदलली, अक्षरांच्या कडा जरा वेगळ्या गुळगुळीत झाल्या किंवा पानावर आजची तारीख असली की फोटो जुळत नाहीत. रोज तीस खोट्या तक्रारी आल्या की माणूस बघणं सोडून 'सगळं मान्य' दाबायला लागतो. दुसरी जास्त घातक: पहिला नमुना फोटोच चौकोनांचा असेल तर? यंत्र रोज इमानेइतबारे सांगणार, चौकोन कालच्यासारखेच आहेत, चिंता नसावी. नमुना ठरवताना तरी ती लिपी वाचणारा माणूस हवाच. (क्रोमच्या डेव्हलपर प्रोटोकॉलमधून अमुक अक्षरं कुठल्या फॉन्टने काढली ते विचारता येतं. चौकोन पकडायला ती युक्ती चांगली आहे, 'पढ' पकडायला नाही.)

एक इशारा देऊन ठेवतो, त्यावर वेगळं लिहीन. प्रत्येक पायरीला फोटो काढायच्या हौसेत आपण लोकांची खासगी माहिती साठवतो. टेस्टसाठी खऱ्या ग्राहकांचा डेटा उचलून आणणाऱ्या टीम अजून आहेत. मग आधार क्रमांक, मोबाइल, खात्यातली शिल्लक यांचे फोटो बिल्ड सर्व्हरवर पडून राहतात, आणि ते बघायला अख्ख्या टीमला मोकळीक. डेटाबेसला सतरा कुलपं आणि त्याचाच फोटो चव्हाट्यावर! २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, पण कायदा बाजूला ठेवा, आपल्या आईच्या पासबुकाचा फोटो असा टांगलेला चालेल का? खोटा डेटा वापरा. ते जमत नसेल तर तेवढा भाग झाका. प्लेराइटला 'हे घटक झाक' असं सांगता येतं, तो त्यावर गडद गुलाबी ठोकळा ठेवतो. आणि पास झालेल्या टेस्टचे फोटो ठेवूच नका.

आमच्या सध्याच्या टीममध्ये मी भांडून एक पद्धत लावून घेतली आहे. पायरीपायरीचे फोटो बंद. टेस्ट पडली तर तिथला फोटो आणि वर सांगितलेले चार पंच. याशिवाय मोजकी बावीस पानं ठरवली आहेत, त्यांचे दर रविवारी रात्री प्रत्येक भाषेत फोटो निघतात, पावतीच्या पीडीएफसकट. सोमवारी सकाळी एका माणसाने चहा पीत ते बघायचे. पाळ्या लावल्यात. वीस मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला पुण्याच्या मॅनेजरने विचारलं, "ऑटोमेशन केल्यावर माणूस कशाला?" त्यांना मी 'पढ'चा फोटो पाठवला.

मराठी मी बघतो. तेलुगू आणि कन्नडला टीममध्येच माणसं निघाली, हे सोलापूरकरांना सांगायला नकोच. अडलं उर्दूवर. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना विनंती केली. गेल्या सोमवारी त्यांनी चष्मा लावून पहिल्याच पानाचं शीर्षक पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ये हर्फ एक-दूसरे से रूठे क्यूँ बैठे हैं?" लेटर-स्पेसिंग! आमच्या देवनागरीची शिरोरेषा तोडणाऱ्याच ओळीने त्यांची जोडून लिहायची अक्षरंही सुटी करून ठेवली होती. त्या पानाच्या टेस्ट तोवर सगळ्या हिरव्या होत्या. बग नोंदवलाय, या आठवड्यात दुरुस्ती जाईल. मास्तरांची उरलेली एकवीस पानं बघायची आहेत, आणि त्यांनी बजावलंय की पुढच्या वेळी फोटो मोठे छापून आण, मोबाइलवर दिसत नाही.